एकाच डोळ्याचं प्रेशर तीन ठिकाणी तीन: लहान मुलांच्या तपासणीत कोणतं यंत्र खरं?

तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून मला कळलेली हकीकत आधी मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. ती तीन महिन्यांची असताना दोन्ही डोळ्यांतले जन्मजात मोतीबिंदू काढले, आत लेन्स बसवली नाही, तेव्हापासून जाड भिंगांचा चष्मा आहे. गेल्या महिन्यात गावातल्या डॉक्टरांनी आयकेअर नावाच्या यंत्राने डोळ्याचं प्रेशर घेतलं, उजव्या डोळ्यात 27 आलं. त्यांनी काचबिंदूची शंका सांगितली आणि थेंब लिहून दिले. तीन दिवसांनी तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलंत. तिथे टोनोपेन या पेनासारख्या यंत्रावर 21 आलं, पण मुलगी सारखी रडत होती. मग आणखी आठवड्याभराने पुण्यात भूल देऊन तपासणी झाली आणि पर्किन्स या तिसऱ्या यंत्रावर 15 आलं. 'प्रेशर नॉर्मल आहे, सहा महिन्यांनी या,' असं तिथे सांगितलं. आता तुम्ही विचारताय की या तिघांत खरं यंत्र कोणतं, थेंब चालू ठेवायचे का, आणि घरी मोजायचं यंत्र मिळतं ते घ्यावं का.

मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही. त्यामुळे तिला काचबिंदू आहे किंवा नाही, हे मी इथून सांगू शकत नाही आणि कुणीही सांगू नये. पण मुलांचे डोळे आणि त्यांचा काचबिंदू हेच माझं रोजचं काम असल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगते: तिन्ही ठिकाणची यंत्रं व्यवस्थित असूनही असे तीन आकडे येऊ शकतात. कारण तीन ठिकाणी फक्त यंत्र बदललं नव्हतं. मुलीची अवस्था बदलली होती, मधे थेंब सुरू झाले होते, शेवटी भूल होती. कुठलं यंत्र खरं हे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. शोधायचं आहे ते हे, की तिच्या डोळ्यातला दाब डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा करतोय का. आणि ते एका आकड्यावरून कळत नाही.

डोळ्याच्या आतला दाब आपण थेट कधीच मोजत नाही. सायकलच्या चाकात हवा किती आहे हे अंगठ्याने दाबून पाहतो, तसंच प्रत्येक यंत्र बाहेरून कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, थोडं दाबतं किंवा धक्का देतं आणि तिने किती विरोध केला यावरून आतल्या दाबाचा अंदाज बांधतं. टायर जाड असेल तर हवा तेवढीच असूनही चाक कडक लागतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येते.

मोठ्या माणसांत ज्याला प्रमाण मानतात ते यंत्र म्हणजे गोल्डमन. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी 1950च्या दशकात ते बनवलं. कॉर्नियाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल भाग सपाट करायला किती जोर लागतो, हे त्यात मोजतात. एक ग्रॅम जोर लागला तर दाब 10 मिमी, म्हणजे पाऱ्याचे 10 मिलिमीटर. व्यास असा विचित्र आकड्याचा का, तर त्या मापाला कॉर्नियाचा ताठपणा बाहेर ढकलतो आणि अश्रूंचा थर आत ओढतो, ते दोन्ही जवळजवळ एकमेकांना फेडतात. पण हा हिशेब कॉर्निया साधारण 520 मायक्रॉन (म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त) जाडीचा आहे असं धरून केलेला आहे. शिवाय गोल्डमनसाठी मुलाने स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावर, हनुवटी टेकवून, सुन्न करायचा थेंब आणि पिवळा रंग घालून, डोळा उघडा ठेवून स्थिर बसायला हवं. माझ्याकडे बहुतेक मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर हे नीट करतात. काही समजूतदार मुलं पाचव्या-सहाव्या वर्षीही करतात, पण साडेचार वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

पर्किन्स हे त्याच गोल्डमनचं हातात धरायचं रूप. तोच प्रिझम, तेच गणित, फक्त स्लिट लॅम्प नाही, त्यामुळे झोपलेल्या मुलावरही वापरता येतं. भूल दिलेल्या मुलासाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे. पण त्याला हात बसलेला लागतो. डोळ्यात घातलेल्या रंगामुळे प्रिझममधून दिसणारी दोन हिरवी अर्धवर्तुळं आतल्या कडांनी जुळल्याचं नजरेने ठरवायचं असतं. रंग जास्त पडला की कडा जाड दिसतात आणि आकडा वाढतो, कमी पडला की घटतो. म्हणून पर्किन्सचा आकडा वाचताना तो कुणी घेतला, यालाही वजन असतं.

आयकेअरचं तंत्र वेगळं आहे. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या या यंत्रात 1.8 मिलिमीटरचं गोल टोक असलेली एक बारीक, हलकी सळई असते. यंत्र ती कॉर्नियावर सोडतं, ती टेकून परत उडते. परत येताना तिचा वेग किती झटकन बदलला, हे यंत्रातली कॉइल मोजते. दाब जास्त असेल तर सळई पटकन मागे फिरते. सहा वेळा मोजून यंत्र स्वतःच एक आकडा देतं, आणि सहांमध्ये फार तफावत असेल तर तशी खूणही दाखवते. स्पर्श इतका हलका आणि क्षणिक असतो की सुन्न करायचा थेंब लागत नाही. मुलांच्या तपासणीत या एका गोष्टीने फार मोठा फरक पडला. पूर्वी ज्या मुलांना केवळ प्रेशर मोजण्यासाठी भूल द्यावी लागायची, त्यांतल्या कितीतरी मुलांचं मोजमाप आता आईच्या मांडीवर होतं. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत मुलांच्या काचबिंदूच्या तपासणीत याहून उपयोगी साधन आलेलं नाही.

त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. मुलांमध्ये ते गोल्डमनपेक्षा सरासरी दोन-तीन मिमी जास्त दाखवतं. पण ही झाली सरासरी. एखाद्या मुलात फरक शून्य असतो, एखाद्यात पाच-सहा मिमी किंवा त्याहून जास्त. म्हणून 'आयकेअरमधून तीन वजा करा' असा नियम करून चालत नाही. सळई कॉर्नियाच्या मधोमध आणि सरळ रेषेत टेकायला हवी. जन्मजात मोतीबिंदूच्या पुष्कळ मुलांचे डोळे सतत थोडे हलत असतात. तुमच्या मुलीचे हलत असतील तर सळई दर वेळी वेगळ्या जागी टेकते आणि आकडा भटकतो. जुन्या मॉडेलमध्ये सळई आडवीच ठेवावी लागते, त्यामुळे पाठीवर झोपलेल्या मुलावर ते चालत नाही. काही नव्या मॉडेलमध्ये ही अडचण सोडवली आहे.

आता जाडीचा मुद्दा. ज्या मुलांचा मोतीबिंदू तान्हेपणी काढला आणि आत लेन्स नाही, त्यांचा कॉर्निया सर्वसाधारण मुलांपेक्षा जाड असतो. सामान्य मुलांत तो साधारण 540-550 मायक्रॉनच्या आसपास असतो. या मुलांत 600च्या वर गेलेला मी नेहमी पाहते. बुबुळाचा रंगीत पडदा जन्मतः नसलेल्या मुलांमध्येही असंच दिसतं. जाड कॉर्नियावर सगळीच यंत्रं जास्त आकडा दाखवतात. गोल्डमन आणि पर्किन्सही दाखवतात, पण आयकेअर त्याहून जास्त फसतं. त्यामुळे तुमच्या मुलीचे 27 हे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. जाडी मोजायला पॅकिमीटर लागतो, मोजणी काही सेकंदांची असते. ती झाली आहे का, हे तुमच्या कागदांवर पाहा. भुलेखाली तपासणी झाली असेल तर बहुधा झालेली असेल.

पण इथे एक सावधगिरी. जाडी कळली म्हणून 'इतके मायक्रॉन जास्त, तर इतके मिमी वजा' असं कोष्टक लावू नका, आणि कुणी लावून दिलं तरी त्यावर निर्धास्त होऊ नका. मोठ्यांसाठीची अशी सूत्रंसुद्धा प्रत्येक माणसाला नीट लागू पडत नाहीत, मुलांना तर नाहीच. कॉर्निया सुजेमुळे जाड झाला असेल तर तो उलट मऊ असतो आणि तिथे गणित पार बदलतं. मी जाडीचा उपयोग फक्त एवढाच करते: कॉर्निया जाड, नस निरोगी आणि चष्म्याचा नंबर स्थिर असेल, तर वरच्या आकड्याने घाबरून जात नाही. कॉर्निया पातळ असेल तर नॉर्मल आकड्यावरही विसंबत नाही.

टोनोपेनवरचे 21 मला तिन्ही आकड्यांत सर्वात कमी माहिती देणारे वाटतात, आणि दोष यंत्राचा नाही. टोनोपेनचं टोक बारीक असतं. व्रण पडलेल्या, ओबडधोबड कॉर्नियावर, किंवा फार लहान डोळ्यावर जिथे पर्किन्सची वर्तुळं जुळतच नाहीत, तिथे त्याची जागा दुसरं कुठलं यंत्र सहसा घेऊ शकत नाही. ते कमी दाब थोडा जास्त आणि फार जास्त दाब थोडा कमी दाखवण्याकडे झुकतं, हे लक्षात ठेवून वापरलं तर कामाचं आहे. पण त्यासाठी सुन्न करायचा थेंब लागतो. थेंब चुरचुरतो, मूल बिथरतं, मग कुणीतरी डोकं धरतं, कुणीतरी पापण्या ताणतं. मूल रडताना श्वास रोखतं, डोळे घट्ट मिटतं. त्या क्षणी डोळ्यातला दाब खरोखरच वाढलेला असतो, यंत्र तो इमानाने दाखवतं. पापणी उघडताना बोट डोळ्याच्या गोळ्यावर दाबलं गेलं तरी तसंच होतं. बोटं नेहमी भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवायची, हे मी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगते. रडणाऱ्या मुलाचा जास्त आकडा मी कागदावर लिहिते, पण शेजारी 'रडत होती' असंही लिहिते आणि त्यावरून उपचार सुरू करत नाही. रडणाऱ्या मुलाचा कमी आकडा मात्र बऱ्यापैकी दिलासा देतो.

मग पुण्याचे 15 तरी खरे मानायचे का? तुम्हाला वाटतंय की भुलेखाली मूल शांत, पर्किन्स विश्वासाचं, म्हणजे हाच आकडा पक्का. इथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगवून द्यायच्या भुलीने डोळ्याचं प्रेशर उतरतं, आणि भूल जसजशी खोल होते तसं आणखी उतरतं. म्हणून मूल झोपल्याबरोबर, घशात नळी घालायच्या आधी, सगळ्यात पहिल्यांदा प्रेशर घ्यायचं असतं. नळी घालताना ते काही काळ वर जातं आणि नंतर पुन्हा खाली येतं. केटामिन हे भुलेचं औषध वापरलं तर प्रेशर फारसं उतरत नाही, थोडं वाढूही शकतं. पापण्या उघड्या ठेवायला लावलेल्या तारेच्या चिमट्यानेही काही मिमी वाढतात. पाठीवर झोपल्यानेही थोडा फरक पडतो. म्हणजे भुलेखालचा आकडा वाचताना कोणती भूल, किती वेळाने, नळीच्या आधी की नंतर, हे माहीत असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. भुलेखालचे 15 हे जागेपणीचे 15 असतीलच असं नाही. आणि 'भुलेने अमुक कमी होतं, तेवढे मिळवा' असंही करता येत नाही, कारण प्रत्येक मुलात उतार वेगळा.

त्याहून मोठा प्रश्न थेंबांचा. पहिल्या डॉक्टरांनी थेंब दिले, आणि साधारण दहा दिवसांनी भुलेखाली मोजलं. ते थेंब तोवर रोज घालत होतात का? पुण्याच्या डॉक्टरांना ते सांगितलं होतं का? घालत असाल तर 15 हा थेंब घालून मिळालेला आकडा आहे. थेंबांनी उपयोग केला असेल तर तो तसाच दिसणार. त्यावरून थेंबांची गरजच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. एखादा दिवस सोडलात तरी टिमोलॉलसारख्या थेंबाचा परिणाम शरीरातून पूर्ण जायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. तुमच्या पत्रात ही माहिती नाही, आणि मला तीच सर्वात आधी हवी होती.

राहिलेल्या यंत्रांबद्दल थोडक्यात. शियोट्झ हे नॉर्वेच्या यालमार शियोट्झ यांचं 1905 सालचं यंत्र. वजन ठेवून कॉर्निया किती खोल दबतो ते मोजतं. अजून काही ठिकाणी कपाटात असतं आणि भुलेखाली वापरलंही जातं. मुलांच्या डोळ्याचं बाहेरचं आवरण मऊ आणि ताणलं जाणारं असतं, त्यामुळे ते प्रेशर कमी दाखवतं. ताणून मोठा झालेल्या डोळ्यात तर नेमकं जिथे कळायला हवं तिथेच फसवतं. मुलांसाठी ते वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात असतं ते हवेचा फुंकारा मारणारं यंत्र मोठ्या मुलांच्या चाळणीपुरतं ठीक. लहान मूल पहिल्या फुंकाऱ्याला दचकतं आणि दुसऱ्याच्या आधीच डोळा मिटतं. बोटांनी पापणीवरून चाचपून डोळा दगडासारखा आहे की मऊ, एवढंच कळतं. त्यापुढे काही नाही.

आता मी ठरवते कशी, ते सांगते. मुलांच्या काचबिंदूचं चाइल्डहुड ग्लॉकोमा रिसर्च नेटवर्क या तज्ज्ञांच्या गटाने केलेलं वर्गीकरण आज जगभर वापरतात. त्यात 21च्या वरचं प्रेशर हा अनेक निकषांपैकी फक्त एक आहे. काचबिंदू म्हणायला किमान दोन निकष भरावे लागतात. केवळ प्रेशर जास्त असेल तर त्याला 'शंका' म्हणतात, आणि तीसुद्धा दोन वेगवेगळ्या वेळी जास्त आल्यावर. बाकीचे निकष म्हणजे नसेतला खड्डा (नसेच्या डोळ्यातल्या टोकाशी मधोमध असणारी खोलगट जागा) मोठा होत जाणं किंवा दोन डोळ्यांत वेगवेगळा असणं, कॉर्नियातले तडे किंवा त्याचा वाढलेला व्यास, डोळ्याची लांबी किंवा नंबर वयापेक्षा वेगळ्या दिशेने जाणं, आणि मोठ्या मुलांत दृष्टीच्या क्षेत्रातली हानी.

कॉर्नियाच्या व्यासाची मापं ठरलेली आहेत: नवजात बाळात 11 मिलिमीटर किंवा जास्त, एका वर्षाच्या आत 12च्या वर, कुठल्याही वयात 13च्या वर असेल तर संशय. पण जन्मजात मोतीबिंदूचे डोळे बऱ्याचदा मुळातच लहान असतात. तुमच्या मुलीचा कॉर्निया आधी साडेनऊ मिलिमीटरचा असेल तर आजचे 11 'नॉर्मल' म्हणून सोडून देता येणार नाहीत. शिवाय तीन-चार वर्षांच्या पुढे कॉर्निया फारसा ताणला जात नाही. म्हणजे डोळा मोठा दिसत नाही म्हणून काचबिंदू नाही, असं या वयात म्हणता येत नाही.

म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत मी दोन गोष्टींना सर्वात जास्त वजन देईन. एक, चष्म्याचा नंबर. लेन्स नसलेल्या मुलांचा अधिकचा (प्लस) नंबर वयानुसार कमी होतच जातो, पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने आणि नंतर सावकाश. साडेचारच्या वयात तो पुन्हा झपाट्याने उतरत असेल, किंवा एका डोळ्यात दुसऱ्यापेक्षा बराच जास्त उतरला असेल, तर डोळा आतल्या दाबाने लांब होतोय का हे पाहायला हवं. ए-स्कॅन या सोनोग्राफीसारख्या तपासणीने लांबी मोजली की ते कळतं. जुने चष्म्याचे कागद टाकून दिले नसतील तर सगळे तारखेप्रमाणे लावा. एक नवीन प्रेशर जेवढं सांगत नाही, तेवढं ते कागद सांगतील. दोन, नस. नसेचा फोटो काढता आला तर काढून ठेवावा, नाहीतर निदान खड्ड्याचं प्रमाण आकड्यात लिहून घ्यावं. नसेतला खड्डा गेल्या वेळेएवढाच असेल तर थांबून पाहायला वाव असतो.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. 27 खोटे म्हणून सोडू नका आणि 15 खरे म्हणून सहा महिने निर्धास्त राहू नका. तान्हेपणी मोतीबिंदू काढलेल्या मुलांना काचबिंदूचा धोका पुढे वर्षानुवर्षं, खरं तर आयुष्यभर असतो. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत येऊ शकतो आणि दहा वर्षांनीही. ही शस्त्रक्रिया चुकल्याची खूण नव्हे, या डोळ्यांचा तो स्वभावच आहे. तेव्हा आकडा कितीही आला तरी तिची तपासणी नियमित चालूच राहायला हवी. मी असते तर सहा महिने न थांबता चार ते सहा आठवड्यांत जागेपणी, शांत असताना, आयकेअरनेच पुन्हा पाहिलं असतं. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच माणसाकडून आणि दिवसाच्या त्याच वेळी, कारण प्रेशर दिवसभरातही वर-खाली होतं. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने घेतलेले आकडे कुठल्या दिशेला चाललेत, ते पाहायचं.

थेंब मनाने बंद करू नका, आणि मनाने चालूही ठेवू नका. तिन्ही ठिकाणच्या कागदांसह एका डॉक्टरांकडे जा आणि पुढचा निर्णय त्यांच्याकडेच सोपवा. मात्र बाटलीवरचं नाव आजच वाचा. ब्रिमोनिडीन असेल तर दोन वर्षांखालच्या मुलांना ते मुळीच देत नाहीत, कारण बाळ सुस्तावतं आणि श्वासही मंदावू शकतो. तुमच्या मुलीच्या वयातही ते घातल्यावर फार झोप येत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. टिमोलॉल असेल आणि तिला दम्याचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर तेही कळवायला हवं. कुठलाही थेंब घातल्यावर नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकं बोट ठेवलं तर औषध रक्तात कमी जातं. आणखी एक विचारते: तिला कुठलंही स्टिरॉइड चालू आहे का? डोळ्याचे थेंब, चेहऱ्याला लावायचं मलम, दम्याचा पंप, यातलं काहीही. स्टिरॉइडने काही मुलांचं प्रेशर खूप वाढतं. असं असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या सगळ्या तपासण्यांना काही अर्थ उरत नाही.

तुमच्या गावातले डॉक्टर नवं यंत्र घेण्याच्या विचारात आहेत असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे आयकेअर आहेच, आणि बाह्यरुग्ण विभागात मुलांसाठी तेच सर्वात योग्य. सळया एकदाच वापरायच्या असतात, त्यांचा पुरवठा आणि खर्च आधी धरून ठेवावा. खर्च वाचवायला तीच सळई दुसऱ्या मुलाला वापरणं संसर्गाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. भुलेखाली मुलं तपासायची असतील तर मी पर्किन्स घ्यायला सुचवीन. व्रणाचे कॉर्निया जास्त येत असतील तर टोनोपेन. आणि आयकेअरवर जास्त आलेला आकडा त्यांनी गंभीरपणे घेतला, हे त्यांनी योग्यच केलं.

पुढच्या तपासणीला नेताना मुलीला जेवू घालून न्या, पण झोपेची वेळ सांभाळून. मांडीवर झोपली तर तिला उठवू नका. पापणी हलक्या हाताने उचलून झोपेतच घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. कोणतं मॉडेल आहे आणि तिला कसं धरायचं हे तेच ठरवतील. जागी असेल तर घरी दोन दिवस आधीपासून बाहुलीच्या डोळ्याला पेनाचं बंद टोक लांबून दाखवून खेळ खेळा. गळ्याभोवती घट्ट कॉलरचा फ्रॉक नको, त्यानेही प्रेशर वाढतं. आकडा कागदावर घेताना शेजारी यंत्राचं नाव, वेळ, मूल शांत होतं की रडत होतं, आणि शेवटचा थेंब कधी घातला, हे लिहून द्यायला सांगा. लाजू नका. हे मागणं पालकांचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला ते आवडतं.

घरच्या यंत्राबद्दल. आयकेअरचं घरी वापरायचं रूप मिळतं, आणि दहा-बारा वर्षांच्या, काचबिंदू ठरलेल्या, समजूतदार मुलांच्या घरी त्याचा चांगला उपयोग होतो. दिवसभरातले चढउतार त्यातून कळतात. तुमच्या मुलीसाठी आज ते घेऊ नका. तिचं वय लहान आहे, कॉर्निया बहुधा जाड आहे, आणि डोळे हलत असतील तर सळई नीट टेकणार नाही. रोज पाच वेगळे आकडे येतील आणि प्रत्येक आकड्यासरशी तुमची झोप उडेल. घरी पाहायचं ते वेगळं: तिला उजेड सहन होईनासा झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कॉर्निया धुरकट किंवा निळसर दिसू लागला, ती डोळे सतत मिटून घेऊ लागली किंवा डोळा दुखून उलट्या झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. लेन्स काढलेल्या डोळ्यांत क्वचित आतला मार्ग एकाएकी बंद होऊन प्रेशर झपाट्याने चढतं, तेव्हा तासांनाही किंमत असते.

थेंबाचं नाव, पॅकिमीटरवरची जाडी आणि गेल्या दोन वर्षांतले चष्म्याचे नंबर एवढं लिहून पाठवलंत तर मी यापुढे थोडं अधिक नेमकं बोलू शकेन.